गच्चीवर सांडलेले तीर्थ

५ जानेवारी १९९३, मंगळवार. सकाळचे सात वाजून वीस मिनिटे. क्योतो शहरातल्या एका आठमजली इमारतीच्या गच्चीवर माणसे तीन, पाळण्याचे पोलादी दोर चार, माणसांना बांधायचे नायलॉनचे दोर दोन, पारा शून्याखाली तीन अंश, आणि नारळ एक.

नारळ हेमचंद्राच्या हातात होता. कस्तुरीने, म्हणजे त्याच्या पत्नीने, वर्षअखेरच्या सुट्टीत तो कोबेच्या एका भारतीय वाण्याकडून आणला होता. येताना आगगाडीत तिने तो मांडीवर धरला, आणि समोरच्या आजीबाई थेट ओसाकापर्यंत त्याच्याकडे, हे कोणत्या प्राण्याचे अंडे असावे, अशा नजरेने पाहत राहिल्या. वाण्याने कानाशी हलवून पाणी भरपूर असल्याची हमी दिली होती. ती हमी खरी निघाली, एवढेच इथे सांगून ठेवतो.

हेमचंद्र मूळचा कऱ्हाडचा. तंत्रनिकेतनातून यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेऊन त्याने अकरा वर्षे एका फाउंड्रीत देखभाल विभाग सांभाळला होता. कस्तुरीला क्योतोच्या विद्यापीठात संशोधनासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा त्याने बिनपगारी रजा टाकली आणि लहानग्या वैभवीला घेऊन तिच्यामागून जपान गाठले. बायकोच्या मागे नवरा परदेशी निघाला याचे नातेवाइकांना अप्रूप कमी आणि करमणूक जास्त. आता पोळ्या कोण लाटणार, असे प्रभावतीमावशींनी त्याला भर पंगतीत विचारले होते. त्याचे उत्तर क्योतोत आपोआप मिळाले. पोळ्या तोच लाटू लागला, आणि त्याच्या सुपरवायझरी स्वभावाला अनुसरून त्या एकाच व्यासाच्या होऊ लागल्या.

सोबत आलेल्या जोडीदाराला आठवड्याला मोजके तास काम करण्याची परवानगी मिळत असे. तेवढ्या तासांत हाताला काही काम हवे म्हणून तो खिडक्यांच्या काचा पुसणाऱ्या एका लहानशा कंपनीत लागला. कंपनीत माणसे अकरा. तो बारावा. त्याचे खरे नाव तिथे कोणाच्या जिभेला पेलले नाही, म्हणून तो ‘हेमा-सान’ झाला. घरी वैभवी या नावावर आठवडाभर हसत होती.

चौदा महिने हेमा-सान जमिनीवरच होते. वर काचा पुसणाऱ्यांचा टांगता पाळणा चालू असताना खाली फुटपाथवर नारिंगी शंकू मांडायचे, दोरी लावायची, येणाऱ्या-जाणाऱ्याला कमरेत वाकून वाट बदलायची विनंती करायची, आणि मान वर करून पाळण्यावर नजर ठेवायची. काम हलके नव्हते आणि बिनमहत्त्वाचे तर मुळीच नव्हते. पण अकरा वर्षे ज्याने यंत्राच्या पोटात हात घातले, त्याला दिवसभर शंकूंची राखण करणे जड जाते. त्यातच शाळेत वैभवीला ‘माझ्या वडिलांचे काम’ असे चित्र काढायला सांगितले होते. तिने उंच इमारत काढली, वर पाळणा काढला, पाळण्यात दोन हसरी माणसे काढली, आणि अगदी खाली, कागदाच्या कडेला, वर पाहणारे एक डोके काढले. डोक्याला मिशा होत्या. हेमचंद्राने चित्राचे कौतुक केले आणि ते फ्रिजवर लावले. त्यानंतर दूध काढायला फ्रिज उघडताना तो नजर वळवून घेऊ लागला.

नोव्हेंबरमध्ये त्याने पाळणा चालवण्याचे प्रशिक्षण घेतले, प्रमाणपत्रही मिळवले. पण परदेशी माणसाला जोडीला घ्यायला कोणी तयार नव्हते. भाषा अर्धी कळते, वर गेल्यावर एखादा शब्द चुकला तर काय, असा सगळ्यांचा हिशेब. तयार झाले ते फक्त निशिवाकी-सान. साठीला टेकलेला, बुटका, गळ्यात सदैव पांढरा टॉवेल असलेला हा मुकादम कंपनीतला सर्वांत जुना माणूस, आणि एकतीस मार्चला निवृत्त होणार होता. म्हणजे हेमचंद्राला वर जायचे असेल तर याच हिवाळ्यात, आणि याच माणसाबरोबर. वर्षाच्या कामाचा पहिला दिवस त्याच्या नावावर लागला तेव्हा त्याने घरी जाऊन वैभवीला सांगितले की पाच तारखेपासून चित्र बदलावे लागेल.

निशिवाकी-सानचे थंडीतले नियम हेमचंद्राने एका वहीत क्रमांक घालून लिहून ठेवले होते. पारा शून्याखाली असेल तर ऊन कठड्यावर येईपर्यंत पाळणा सोडायचा नाही. बादलीत पाणी कोमट, कढत नव्हे, कारण गोठलेल्या काचेवर कढत पाणी पडले की काच तडकते. पाण्यात टोपणभर अल्कोहोल. दोर रात्री गच्चीवर ठेवायचे नाहीत. आत लोकरीचे आणि वर रबराचे हातमोजे घालायचे, दर वीस मिनिटांनी काम थांबवून दहाही बोटे मोजत मिटायची आणि उघडायची, आणि एखादे बोट जरी उशिरा मिटले तरी मुकाट वर यायचे. आपला दोर आपण तपासायचा नाही, जोडीदाराचा तपासायचा, कारण आपल्या गाठीला माणूस सहसा नावे ठेवत नाही. आणि सर्वांत मोठा नियम, जो वहीत लाल शाईने लिहिला होता: गच्चीवर पाण्याचा थेंब सांडायचा नाही. बादल्या जिन्याच्या खोलीत भरायच्या आणि झाकण लावूनच बाहेर आणायच्या.

हा नियम हेमचंद्राला पाठ होता. म्हणून तर पुढे जे घडले त्याचे त्याला आयुष्यभर नवल वाटत राहिले.

त्या सकाळी ऊन पूर्वेच्या डोंगरामागून यायला वेळ होता. दरवर्षीप्रमाणे निशिवाकी-साननी कामाच्या शुभारंभाची तयारी केली. गच्चीच्या चारही कोपऱ्यांत चिमूट-चिमूट मीठ ठेवले, एका बशीत साके, म्हणजे तांदळाची दारू, ओतून ती पाळण्याच्या लोखंडी हाताशी ठेवली, दोन टाळ्या वाजवून मान लववली. हे झाल्यावर त्यांनी हेमचंद्राला पुढे बोलावले. तुमच्याकडे हत्यारांची पूजा असते असे त्याने डिसेंबरात बोलता बोलता सांगितले होते, ते त्यांच्या लक्षात होते. आज तुमचा वर जायचा पहिला दिवस, तुमच्या पद्धतीनेही होऊ द्या, असे ते म्हणाले.

आणि हेमचंद्र क्षणभर क्योतोत उरलाच नाही. फाउंड्रीतली खंडेनवमी त्याच्यापुढे उभी राहिली. भट्ट्या थंड, फरशी धुतलेली, लेथवर झेंडूच्या माळा, स्पॅनर आणि हातोडे ओळीने मांडून त्यांवर हळदकुंकू, आणि पंढरीनाथ मिस्त्री धोतर नेसून नारळ हातात घेऊन उभे. नारळ एका घावात फुटला की सगळा कारखाना निःश्वास टाकी. मग मिस्त्री करवंटीतले पाणी बोटांनी प्रत्येक यंत्रावर शिंपडीत. एकही यंत्र सुटता कामा नये. सुटलेले यंत्र वर्षभर रुसते, असे ते म्हणत, आणि देखभाल खात्याचा अनुभवही साधारण तसाच होता.

हेमचंद्राने नारळ कठड्याच्या दगडी कोपऱ्यावर मारला. पहिल्याच घावाला तो मधोमध फुटला. त्याचा ऊर भरून आला. एका करवंटीत पाणी धरून त्याने ते बोटांनी शिंपडले: पाळण्यावर, बादल्यांवर, काचा पुसायच्या रबरी पट्ट्यांवर, कठड्याशी उलगडून ठेवलेल्या दोन दोरांवर आणि दोरांवर अडकवलेल्या पोलादी पकडींवर. निशिवाकी-सानच्या दोरावर जरा सढळ हाताने, कारण तो आपला गुरू. करवंटीत उरले होते तेही त्याने तिथेच वाहिले. निशिवाकी-सान त्या वेळी पाठमोरे होऊन जिन्याच्या खोलीतून बादलीचे झाकण आणत होते. ओकुदा नावाचा तिसरा माणूस, ज्याला आज हेमचंद्राऐवजी खाली जायचे होते, खोबऱ्याचा तुकडा कसा खायचा या विवंचनेत होता. हेमा-सान आज ढगांत निघाले, आता माझ्या शंकूंना कोणी गोड बोलायचे, असे तो दोनदा म्हणाला, आणि दोन्ही वेळा त्यात थोडे तिखट होते.

सात वाजून बेचाळीस मिनिटांनी डोंगराच्या कडेवर उजेड फुटला. तपासणी सुरू झाली.

जपानी कामगारांची ही तपासणी हेमचंद्राला सुरुवातीला पोरकट वाटली होती. चांगली बाप्ये माणसे एकेका गाठीकडे बोट रोखून मोठ्याने ‘योशी!’ म्हणतात, म्हणजे ‘ठीक आहे’. पुढे त्याच्या ध्यानात आले की नुसते पाहिलेले डोळा विसरतो, पण बोट, तोंड आणि डोळा एकाच गोष्टीवर आले की चूक निसटायला फट राहत नाही. आता तोही ओरडत असे, आणि कऱ्हाडी खणखणीत आवाजात ओरडत असे.

पाळण्याचे दोर, योशी. बादलीची साखळी, योशी. मग जोडीदाराचा दोर. दोरावर बसणारी पोलादी पकड माणसाच्या पट्ट्याला जोडलेली असते. माणूस हळूहळू खाली जातो तशी ती दोरावरून घसरत येते, पण अचानक झटका बसला की तिचे दात दोरात रुततात आणि माणूस तिथल्या तिथे थांबतो. नियम असा की ती तीनदा झटकून पाहायची. हेमचंद्राने निशिवाकी-सानची पकड हातात घेतली. पहिला झटका, पकड रुतली. दुसरा झटका, रुतली. तिसऱ्या झटक्याला ती वीतभर सरकली आणि मग थांबली.

हे त्याच्याशिवाय कोणी पाहिले नाही. निशिवाकी-सान त्याच्याकडे पाठ करून त्याचा दोर तपासत होते. ओकुदा जिन्याच्या दारात होता. हेमचंद्राने हातमोज्याने दोर चाचपला. दोर कोरडा दिसत होता, नेहमीपेक्षा जरा तुळतुळीत. तेव्हा त्याच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि कठड्यावर ऊन येण्याच्या पुष्कळ आधी पडला. करवंटीतले पाणी. लाल शाईचा नियम. बावीस मिनिटांपूर्वी तो नियम त्याने स्वतःच्या बोटांनी मोडला होता आणि मोडताना त्याला पुसटशीही शंका आली नव्हती, कारण त्याच्या लेखी ते पाणी नव्हतेच. पाणी नळाचे, बादलीतले, पुसायचे. नारळातले ते तीर्थ.

दोरावर बोट रोखून तो उभा राहिला. ‘योशी’ एवढा एकच शब्द म्हणायचा होता. हातमोज्याने जोरात चोळले तर दोरावरचा पापुद्रा निघालाही असता. तीनातले दोन झटके बरोबर होते, ऊन येतच होते, पाळणा स्वतः भक्कम होता, आणि माणसाच्या दोराची गरज हजारात एखाद्या दिवशी पडते. उलट बोलावे, तर पहिल्याच दिवशी परदेशी माणसाने मुकादमाचा दोर निकामी केला हे अकरा जणांना कळणार, एकतीस मार्च उजाडणार, आणि फ्रिजवरचे मिशांचे डोके कायमचे कागदाच्या कडेला राहणार.

पण फाउंड्रीत त्याने हा हिशेब एकदा मांडून पाहिला होता. चेनपुलीचा आकडा एका सकाळी एक कडी सरकलेला त्याला दिसला. त्या आठवड्यात फॅक्टरी इन्स्पेक्टर यायचे होते आणि वर नोंद केली की वरून मेमो येई, म्हणून त्याने आकडा पुन्हा बसवला आणि गप्प राहिला. आठ दिवस काही झाले नाही. नवव्या दिवशी मोहन नावाच्या साचेकाराच्या पायाची दोन बोटे गेली. मोहनने कधी कोणाला दोष दिला नाही. तो अजून दर दिवाळीला हेमचंद्राला पत्र लिहीत असे, आणि ते पत्र उघडायला हेमचंद्राला दोन-दोन दिवस लागत.

ठीक नसल्याचे कसे ओरडायचे हे त्याला कोणी शिकवलेच नव्हते. त्याने बोट तसेच रोखून धरले.

“निशिवाकी-सान, थांबा. तुमचा दोर सरकतो आहे.”

म्हातारा वळला. त्याने हातमोजा काढला, दोर दोन बोटांत धरून खालपासून वर चाचपला, पकड उघडून तिच्या दातांवर नख फिरवले. नखाला आलेला पारदर्शक कण त्याने जिभेवर ठेवला.

“गोड आहे,” तो म्हणाला.

“मी शिंपडलं. नारळातलं.”

“पाणी?”

“आमच्यात त्याला पाणी म्हणत नाहीत.”

“पण गोठतं ना?”

हेमचंद्राने मान खाली घातली. निशिवाकी-साननी हात वर करून काम थांबल्याची खूण केली. पुढचे सगळे त्यांनी शांतपणे आणि क्रमाने केले. दोन्ही दोर आणि दोन्ही पकडी आत नेल्या, कंपनीतून दुसरे दोर मागवले, गच्चीचा तो भाग कोरड्या फडक्याने पुसून घेतला. ओकुदाने एवढेच म्हटले की आमच्या साकेला कोणी नावे ठेवू नयेत, ती निदान गोठत तरी नाही. साडेदहाला नव्या दोरांवर पाळणा खाली गेला. त्यात निशिवाकी-सान आणि ओकुदा होते. हेमचंद्र फुटपाथवर शंकू मांडत होता. कामावरून रागावणे नाही, समजावणे नाही, काहीच नाही. जाताना निशिवाकी-साननी त्याच्या हाती एक कोरा कागद ठेवला आणि भरून आणायला सांगितले.

त्या कागदाला ते ‘हियारी-हात्तो’ म्हणत. अंगावर काटा आला, दचकलो, पण कोणाला इजा झाली नाही, अशा प्रसंगाची ती चिठ्ठी. काय घडले, कुठे, कारण काय, पुन्हा घडू नये म्हणून काय करावे, असे चार रकाने. हेमचंद्र तो कागद घेऊन घरी आला तेव्हा वैभवीने दारातच जपानीत विचारले, वर गेलास का. तो नाही म्हणाला.

जेवताना त्याने कस्तुरीला सगळे सांगितले. तिचे संशोधन रसायनाचे, त्यामुळे तिने आधी विचारले की मिठाजवळचा दोर कोरडा होता की ओला. त्याने आठवून पाहिले. कोपऱ्यातल्या मिठाला लागून दोराचा हातभर भाग ओला होता खरा, पण गोठला नव्हता. मग ती म्हणाली की बघा, त्यांच्या देवांनी मीठ आणि दारू घेतली, दोन्ही थंडीशी जमवून घेणारी. आपल्या देवाला मात्र कोकणचा नारळ.

“अहो, ओटा पुसताना तुम्हाला पाण्याचा थेंब दिसतो,” ती म्हणाली, “आणि देवापुढचा लोटा दिसत नाही. एवढंच झालं.”

कागद ती भरून द्यायला तयार होती, कारण त्याचे लिखित जपानी दुसरीतल्या मुलाइतके होते. पण हेमचंद्राला ते पटले नाही. त्याने पट्टी, गुण्या आणि कडक पेन्सिल काढली, आणि तंत्रनिकेतनात शिकवले होते तसा दोराचा व पकडीचा उभा छेद काढला, पाचपट मोठा करून. दातांची उंची दीड मिलिमीटर. दातांच्या खाचांत साचलेला बर्फ एक मिलिमीटर. दोरात रुतायला उरलेली लांबी अर्धा मिलिमीटर. बाण, मापे, प्रमाण, कोपऱ्यात तारीख. कारणाच्या रकान्यात मात्र कस्तुरीच्या मदतीने एकच ओळ लिहिली: ज्याला मी पाणी मानले नाही, ते पाणी. चौथ्या रकान्यात लिहिले: नारळ तळमजल्यावर फोडावा.

कंपनीच्या कार्यालयात एक फळा होता. अपघाताविना गेलेले दिवस त्यावर रोज सकाळी खडूने लिहीत. पाच जानेवारीला तिथे ३,९३२ होते. आपल्या चिठ्ठीमुळे हा आकडा पुसून शून्य लिहितील, अशी हेमचंद्राची खात्री होती, कारण त्याच्या ओळखीच्या कारखान्यात असेच झाले असते, आणि म्हणूनच तिथे कोणी चिठ्ठी लिहीत नसे. सोमवारी, अकरा तारखेला, सगळे जण फळ्यासमोर उभे राहिले. निशिवाकी-साननी चिठ्ठी वाचली, चित्र हातोहात फिरवले. पकडीचे दात इतके लहान असतात हे दोघा-तिघांनी प्रथमच पाहिले असावे, कारण त्यांनी खिशातून आपापल्या पकडी काढून नखाने मोजायला सुरुवात केली. मग निशिवाकी-सान फळ्याकडे वळले. त्यांनी ३,९३७ पुसले आणि ३,९३८ लिहिले. त्याच्याखाली लहान अक्षरांत चिठ्ठ्यांची संख्या लिहिली: या वर्षी, एक.

“मार्चअखेरपर्यंत माझ्या पाळण्यात हेमा-सान,” ते सगळ्यांकडे पाहत म्हणाले. “माझा दोर तेच तपासतील.”

त्यावर ओकुदा म्हणाला की म्हणजे शंकू माझ्या कपाळी आले ते आलेच. पण बाहेर पडताना त्याने आपले जाड लोकरीचे हातमोजे हेमचंद्राच्या खिशात कोंबले. वर वारा जास्त असतो, तुमचे मोजे खालच्या माणसाचे आहेत, असे काहीसे पुटपुटला.

चौदा जानेवारीला, गुरुवारी, सकाळी आठ वाजता हेमचंद्र प्रथम कठड्यापलीकडे गेला. कऱ्हाडात आज संक्रांतीची सुगडी मांडली जातील हे त्याला मध्येच आठवले. खिशात कस्तुरीने दिलेले दोन तिळाचे लाडू होते. सहाव्या मजल्याशी पाळणा थांबला तेव्हा उत्तरेचा डोंगर बर्फाने पांढरा दिसत होता आणि खाली बसगाड्या खेळण्यासारख्या वळत होत्या. काचेवर पाण्याचा हात फिरवला की ती धुक्यासारखी होई, रबरी पट्टी एका दमात वरून खाली ओढली की मागून एक अख्खे कार्यालय उजळून निघे. टेबले, कॅलेंडर, चहाचे पेले, आणि एक मुलगी, जिने त्याला पाहून खुर्चीतल्या खुर्चीत मान लववली. पट्टीची एकही रेघ काचेवर राहिली नव्हती. वीस मिनिटांनी दोघांनी काम थांबवून बोटे मोजली. दोघांची मिळून वीस, एकही उशिरा नाही.

त्या विसाव्यात निशिवाकी-साननी लाडू खाल्ला आणि फळ्यावरची मोजणी एक एप्रिल १९८२ ला का सुरू झाली ते सांगितले. आदल्या दिवशी त्यांच्याच हातून पाचव्या मजल्यावरून बादली सुटली होती. खालून जाणाऱ्या एका सायकलस्वाराच्या खांद्याचे हाड मोडले. बादलीची साखळी झिजली आहे हे त्यांना सकाळी दिसले होते. दिसले, आणि तरी ते ‘योशी’ म्हणाले, कारण त्या दिवशी घाई होती. एवढे सांगून ते पुन्हा काचेकडे वळले. हेमचंद्रानेही मोहनची गोष्ट सांगितली, आपल्या मोडक्यातोडक्या जपानीत, पाठमोऱ्या माणसाला. ती त्याने कस्तुरीखेरीज कोणाला सांगितली नव्हती.

घरी आल्यावर त्याने फ्रिजवरचे चित्र पाहिले. वैभवीने खोडरबराने खालचे डोके पुसले होते आणि पाळण्यात जागा नसल्यामुळे दोन हसऱ्या माणसांपैकी एकाला मिशा काढल्या होत्या. पुसलेल्या जागी कागद जरा खरवडला होता. ते चित्र आज कऱ्हाडला त्याच्या कपाटात आहे, आणि ती खरवडलेली जागा बोटाला अजून लागते.

एकतीस मार्चला निशिवाकी-सान निवृत्त झाले. पुढच्या जानेवारीत कंपनीच्या तपासणीच्या कागदावर एक ओळ वाढली होती, नारळ तळमजल्यावर. गाड्या उभ्या करायच्या जागेत मिठाच्या थरावर हेमचंद्राने नारळ फोडला. निशिवाकी-सान मुद्दाम आले होते. त्यांनी पाणी वाडग्यात धरले, आणि सांडण्यापेक्षा हे बरे म्हणत स्वतः पिऊन टाकले. पंढरीनाथ मिस्त्रींना हे चालले असते का, याचा हेमचंद्राने पुष्कळ विचार केला. चालले असते, असे त्याचे मत पडले. यंत्र रुसले तर समजूत घालता येते.

मार्च १९९४ मध्ये कस्तुरीचा प्रबंध पुरा झाला आणि तिघे परतले. हेमचंद्र पुन्हा फाउंड्रीत रुजू झाला. पहिल्याच महिन्यात त्याने देखभाल विभागात एक कोरी वही टांगली आणि पहिल्या पानावर स्वतःच, जुनी तारीख घालून, चेनपुलीच्या आकड्याची नोंद केली. खाली सही केली. लोकांनी आठवडाभर वहीकडे संशयाने पाहिले. मग एका क्रेनवाल्याने बिचकत दुसरे पान भरले. मेमो आला नाही, तेव्हा तिसरेही भरले गेले.

निशिवाकी-सानचे नववर्षाचे कार्ड दरवर्षी येते, पण उशिरा, जानेवारी सरता सरता. जपानी माणूस अशी कार्डे डिसेंबरातच लिहून टाकतो, म्हणजे ती बरोबर एक तारखेला पोहोचतात. निशिवाकी-सानना ते मान्य नाही. जे दिवस अजून गेले नाहीत ते मोजायचे नाहीत, असे त्यांचे म्हणणे. म्हणून ते पाच जानेवारीला, कामाच्या पहिल्या दिवशी, चालत कंपनीत जातात, फळा पाहतात, आणि मग टपालपेटीपाशी उभे राहून कार्ड लिहितात. मजकूर नसतोच. एक आकडा असतो. क्वचित कोपऱ्यात नारळाचे चित्र असते, आणि ते दरवर्षी अंड्यासारखे दिसते.

यंदाचे, १९९९ चे, कार्ड काल आले. हिवाळ्यातली सकाळ होती, कृष्णेवर धुके होते, पण कऱ्हाडची थंडी ती, पाणी गोठवण्याची तिची काय बिशाद. हेमचंद्र अंगणात उभा राहून कार्ड पाहत होता. अक्षर आता थरथरते. आकडे मात्र सरळ रेषेत होते. त्याने १९९३ पासूनचे दिवस कागदावर मांडून, लीप वर्षाचा एक धरून, बेरीज पडताळली. मग कार्डावर बोट रोखले आणि कऱ्हाडी खणखणीत आवाजात म्हणाला, “योशी.” शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई वळून पाहू लागली.

अपघाताविना दिवस: ६,१२३.